सायकलवाल्यानंच का उतरायचं?



ह्या ग्रुपवर आपण जुने वाडे, आजीच्या हातचे पदार्थ, शाळेतले फोटो असलं टाकत असतो. मीही टाकतो. आज जरा वेगळं लिहितोय. पोस्ट लांब आहे आणि काहीजणांना लागेल. म्हणून सुरुवात माझ्यापासूनच करतो, म्हणजे हा दुसऱ्यांना शिकवायला निघालाय असं कुणी म्हणायला नको.

गेल्या गणपतीच्या आदल्या दिवशी मी टिळकवाडीतून गावी निघालो होतो. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या बाजूला, शहरापासून बारा किलोमीटरवर. गाडीत हार, नारळ, मखराचं सामान, बायको आणि पुण्याहून आलेली मुलगी. मूर्ती आणायला उशीर होत होता, पाऊस भुरभुरत होता. मोठा रस्ता सोडून गावच्या वाटेला लागलो तर पुढं एक सायकलवाला. कॅरिअरवर आडवा गवताचा भारा, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, आणि सायकल आपली डुलत डुलत चाललेली. मी हॉर्न मारला. तो हलला नाही. परत मारला, जरा लांबवून. अजून नाही. मग अगदी मागच्या चाकाशी गाडी नेऊन हातच ठेवला हॉर्नवर. त्यानं दचकून सायकल डावीकडं घेतली, चाक डांबरावरून खाली घसरलं आणि माणूस, सायकल, भारा सगळं चरीतल्या गवतात.

मी गाडी पुढं काढली. हो, काढली. पन्नास-साठ फूट पुढं गेलो आणि मुलगी मागून ओरडली, "बाबा, तो पडला!" तेव्हा थांबलो. ती गाडीत नसती तर थांबलो असतो का, ह्याचं उत्तर मला नक्की देता येत नाही.

चालत मागं गेलो तर तात्या.

तात्या म्हणजे आमच्या आप्पांचे जोडीदार. दोघांनी मिळून पस्तीस वर्षं बेळगावात दुधाचा रतीब घातला. मला पहिल्यांदा सायकलच्या नळीवर बसवून कॅम्पात नेऊन आणलं ते तात्यांनीच. आता वय पंचाहत्तरीच्या आसपास. चिखलात बसलेले, डावा हात उजव्या हातानं धरून. वर बघितलं, मला ओळखलं आणि म्हणाले, "तू हायस व्हय गा? मला वाटलं कोण तर पावणा असंल."

आणि लगेच, "माझंच चुकलं. कान जरा कमी ऐकतंय हल्ली."

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्याचा खर्च मी केला, त्याबद्दल कुणी माझं कौतुक करू नये. घरात दोन म्हशी, मुलगा नोकरीला बाहेर, सून एकटी. रोजचं गवत आणायचं काम त्या पोरीच्या अंगावर पडलं. सुगी तोंडावर आलेली. आणि ज्याचं हाड मोडलं त्यानं, ज्यानं मोडलं त्याची माफी मागितली. मला त्या दिवसापासून झोप लागत नाही ती ह्या एका गोष्टीमुळं. तात्यांना खरंच वाटतंय की चूक त्यांची आहे. आयुष्यभर आपण सगळ्यांनी मिळून त्यांना तेच शिकवलंय: मोठं वाहन आलं की लहानानं उतरायचं.

हे मी आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं. सहानुभूती मिळाली, पण कुणाला? मला! "तुझी काही चूक नाही, हे लोक मध्ये मध्येच चालतात." एका चुलतभावानं लिहिलं, "ह्या वयात सायकल चालवायचीच कशाला?" दुसरा म्हणाला, "रस्ताच अरुंद, तू तरी काय करणार." हे सगळे ह्याच गावचे. ह्यातल्या प्रत्येकाच्या बापानं सायकलवरून रताळी, भाजी, दूध, गवत नाहीतर निदान हायस्कूलची फी वाहून नेलेली आहे. म्हणून ही पोस्ट.

एक एक मुद्दा घेतो.

"ह्या वयात सायकल कशाला?" म्हणणाऱ्यानं सांगावं की गवत मग कशातून आणायचं. बस गावात ठरलेल्या वेळेला येते आणि गवताचा भारा घेत नाही. मोटारसायकल तात्यांना येत नाही, पेट्रोल परवडत नाही. शिवार दीड किलोमीटरवर आहे. तात्या काही हौसेनं, व्यायामाला म्हणून निघालेले नव्हते. त्या रस्त्यावर कामाला निघालेला माणूस तेच होते. मी थर्माकोल घेऊन चाललो होतो.

"मध्येच चालतात." हा आरोप मीही वर्षानुवर्षं करत आलोय, म्हणून प्लॅस्टर घातल्यावर तिसऱ्या दिवशी मी टेप घेऊन त्या जागेवर गेलो. बायको म्हणाली, डोकं फिरलंय तुमचं. फिरलं होतंच. असला एकपदरी रस्ता कागदावर ३.७५ मीटर रुंदीचा धरतात. आमच्या रस्त्याचे काठ पावसानं आणि ट्रॅक्टरनं खाल्लेत, त्यामुळं जिथं तात्या पडले तिथं डांबर भरलं ३.४० मीटर. माझी गाडी दोन्ही आरसे धरून दोन मीटरच्या घरात जाते. राहिलं १.४०. तात्यांचा गवताचा भारा आडवा मीटरभर. सायकल काही डांबराच्या काठावरून दोरीवर चालल्यासारखी नेता येत नाही, काठापासून निदान फूटभर आत राहावंच लागतं. आता बेरीज करा. माझ्या आरशात आणि त्यांच्या भाऱ्यात उरतं पंजाएवढं अंतर. म्हणजे मी हॉर्न मारत होतो तो "थोडं बाजूला व्हा" असा नव्हताच. बाजूला व्हायला जागाच नव्हती. त्या हॉर्नचा अर्थ एवढाच होता की रस्ता सोडून खाली उतर.

आणि खाली काय होतं तेही मोजलं. डांबर आणि कडेची माती ह्यांच्यात पाच इंचांची पायरी. ही पायरी कशी होते ते गावाकडच्यांना ठाऊक आहे. दर चार-सहा वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर येतो, फोटो निघतात, पण कडेला मुरूम टाकून ती भरून घ्यायचं काम कुणाच्या बिलात नसतं. असलं तरी पहिल्या पावसात वाहून जातं. रस्ता वर चढत जातो आणि साईडपट्टी आहे तिथंच राहते, उलट चर खणताना अजून खाली जाते. श्रावण-भाद्रपदात त्यावर गुडघाभर गवत. वरून बघितलं तर सपाट हिरवळ, चाक घातलं की खड्डा. मोटारीचं एक चाक त्या पायरीवरून उतरलं तर आत बसलेल्याला एक हिसका बसतो, कपातला चहा सांडेल इतकाच. सायकलचं पुढचं चाक उतरलं की हँडल वळतं आणि माणूस जातो. परत वर चढताना तर हमखास. चाक पायरीला तिरकं घासतं आणि तो पडतो तो नेमका डांबराच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीपुढं.

आता तुम्हीच सांगा, दोघांपैकी एकाला खाली उतरायचंच असेल तर कुणी उतरावं? ज्याला हिसका बसणार त्यानं, की ज्याचं हाड मोडणार त्यानं? माझ्या मते अरुंद गावरस्त्यावरचा आपला सगळा रिवाजच उलटा आहे. इंजिन ज्याच्याकडं, ब्रेक ज्याच्याकडं, चार चाकं ज्याच्याकडं, त्यानं वेग कमी करावा, मागं राहावं आणि ओलांडायचंच झालं तर आपलं उजवं चाक मातीत घालून सायकलवाल्याला डांबर ठेवावं. जागा नसेल तर थांबावं. हे मी दयाधर्म म्हणून सांगत नाही. २०१७ साली वाहन चालवण्याचे जे नवे नियम केंद्रानं काढले त्यात पादचारी, सायकलस्वार, मुलं, म्हातारी माणसं ह्यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी चालकानं घ्यायची, असं सरळ लिहिलंय. लायसन्स काढताना आपण कुणीच ते वाचत नाही. मीही वाचलं ते तात्या पडल्यावर.

"पण मग सायकलच्या मागं किती वेळ जायचं?" हाही प्रश्न आला. हिशेब केला. तात्या पडले तिथून पुढं दोनशे मीटरवर शाळेपाशी रस्ता रुंद होतो, तिथं सहज पुढं जाता आलं असतं. गवत लादलेली सायकल ताशी बारा किलोमीटरनं धरा, दोनशे मीटरला एक मिनिट. मी चाळीसनं गेलो असतो तर अठरा सेकंद. फरक बेचाळीस सेकंदांचा. बेचाळीस सेकंद वाचवायला मी एका माणसाचं मनगट मोडलं, आणि त्यानंतर दवाखान्यात पाच तास बसलो. गणपती रात्री साडेनऊला घरात आला.

घाईचं हे असंच असतं. आपण पुणे-बेंगळूर हायवेवर टोलनाक्याला, ढाब्यावर, मोबाईलवर बोलायला थांबून तास दीड तास घालवतो, त्याचं काही नाही. सायकलच्या मागं अर्धा मिनिट राहायला मात्र जीव वरखाली होतो. मला वाटतं ह्यात वेळेचा प्रश्न नाहीच. मोठ्या गाडीत बसून लहानाच्या मागं राहायचं, ह्यात आपल्याला कमीपणा वाटतो. ह्याला पुरावा देतो. रविवारी सकाळी बेळगावातून हेल्मेट, चश्मा, घट्ट कपडे घातलेले सायकलवाले राकसकोपकडं, काहीजण तर आंबोलीपर्यंत जातात. चांगली गोष्ट आहे. त्यांची एकेक सायकल लाखाच्या पुढची. मी बघितलंय, त्यांच्या मागं आलेला गाडीवाला जरा दमानं घेतो, काच खाली करून "कुठवर?" विचारतो. तोच गाडीवाला पुढच्या वळणावर दुधाच्या कॅनवाल्याला "ए!" म्हणतो. रस्ता तोच, चाकं दोनच.

आता जुन्या काळाबद्दल. कुणी लिहिणारच की पूर्वी असं नव्हतं. मला तसंही म्हणायचं नाही. आप्पांची सायकल हर्क्युलिस, मागं दोन्ही बाजूंना कॅन, मधे मापं. पहाटे चारला उठून धारा, पाचला दोघं निघायचे. डायनामो चाकाला लावला की घुर्रर्र आवाज आणि जोर दुप्पट, म्हणून चढावर ते दिवा बंद करायचे. शहराच्या हद्दीत बिनदिव्याची सायकल किंवा डबलसीट दिसली की पोलीस चाकातली हवा सोडायचा, म्हणून हद्द आली की परत लावायचे. १९८४ च्या पावसाळ्यात एका ट्रकनं आप्पांना असंच खाली घातलं. ट्रक थांबला नाही. चाळीस लिटर दूध चरीत. त्यातलं अर्ध्याहून जास्त शेजाऱ्यांचं. रिम वाकलेली सायकल ढकलत आप्पा घरी आले, आईनं काही विचारलं नाही, आणि पुढचे दोन महिने घरातल्या दुधाचे पैसे शेजाऱ्यांना भागवण्यात गेले. माझी सहामाहीची फी त्यावेळी तात्यांनी भरली होती. तर पूर्वीही हे होतंच. फरक एवढाच की तेव्हा ट्रक दुसऱ्याचा होता. आता गाडीत आपण आहोत.

ह्याच कारणानं मला सगळ्यात जास्त राग आपल्याच माणसांचा येतो, म्हणजे बाहेर स्थिरावलेल्या आपल्या लोकांचा. गणपती, दिवाळी, जत्रा, लग्नसराई आली की पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या, बडोद्याच्या नंबरच्या गाड्या गावात शिरतात. गावातल्या माणसाला वळण माहीत असतं, कुठल्या घराचं पोर कुठल्या बोळातून सायकल घेऊन बाहेर पडतं तेही माहीत असतं. बाहेरून येणाऱ्याच्या पायात हायवेचा वेग असतो आणि डोक्यात लहानपणीचा मोकळा रस्ता. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. पुढं काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं. गाडी थांबायला अजून वेगळं लागतं. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लावल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे आपण दहावीत विज्ञानात शिकलो, मार्कही मिळवले. आमच्याकडच्या वळणांवर घाणेरीच्या झुडपांमुळं तीस मीटरपुढचं दिसत नाही. मग तिथं साठनं जाणारा नेमका कशाच्या भरवशावर जात असतो?

गोव्याची मंडळी ह्या ग्रुपवर बरीच आहेत. त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वळणावर कुणाचं तरी अंगण, आणि सकाळ-संध्याकाळ पोंऽ पोंऽ करत येणारा पोदेर. सायकलच्या मागं पावांची टोपली, वर निळं प्लॅस्टिक. पोदेराचा भोंगा ऐकून मी आलोय, बाहेर या, असं कळतं. घराघरांतून माणसं हसत बाहेर येतात. मोटारीचा भोंगा मात्र समोरच्याला हटायला सांगतो. मूळचा हॉर्नही सूचना द्यायलाच होता. लांबून एकदा वाजवला की पुढच्याला कळतं मागं कोणीतरी आहे, तो सावरून घेतो. तोच मागच्या चाकाशी येऊन वाजवला की पुढचा दचकतो, आणि दचकलेला माणूस सायकल कुठं नेईल ह्याचा नेम नाही. ज्यांना हॉर्नचा हात आवरत नाही त्यांनी एकदा स्वतः सायकलवर बसून मागून ट्रकचा हॉर्न ऐकावा. मी ऐकला, त्याचं पुढं सांगतो.

सायकलवाल्यांची बाजू घेतोय म्हणून त्यांना सगळं माफ आहे असं नाही. कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून आठवीच्या मुलींना आणि मग मुलांनाही सायकली वाटल्या. आमच्या भागातल्या कितीतरी पोरींचं हायस्कूल त्या सायकलीनं झालं, नाहीतर सातवीनंतर घरीच बसल्या असत्या. पण सायकल दिली, ती चालवायची कशी हे कुणी शिकवलं नाही. चार-चार जणी आडव्या, गप्पा मारत. पोरं तर एका हातात मोबाईल, कानात गाणी. वळणावर दोघांनी शेजारी चालवू नये, मागून आवाज आला की एकामागं एक व्हावं, उजवीकडं वळायच्या आधी मागं बघून हात दाखवावा, हे घरातच सांगायला पाहिजे. आणि अंधारात बिनदिव्याचं निघणं हे तर आपल्याच जिवाशी वैर. गाडीवाल्याला दिसतच नाही हो! काळा स्वेटर, काळी सायकल, काळा रस्ता. मागं लाल रिफ्लेक्टर असला तरी फरक पडतो, तोही कॅरिअरवरच्या पोत्यानं झाकलेला असतो. तात्यांच्या सायकलला तर मडगार्डवर रिफ्लेक्टरची नुसती जागा राहिलेली.

पण इथंही एक गोष्ट गाडीवाल्यांनी समजून घ्यावी. सायकलवाला "मध्येच" उजवीकडं येतो तो उगाच येत नाही. त्याच्या पुढं खड्डा असतो. आपल्याला मोटारीत तो खड्डा दिसत नाही कारण आपल्याला तो लागत नाही. पाणी भरलेला असेल तर तो किती खोल हे त्यालाही कळत नसतं, म्हणून तो वळसा घालतो. सायकलच्या पाच-सहा हात पुढचा रस्ता बघायची सवय लावा, तो कधी वळणार ते आधीच कळतं. मला हे वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तात्यांचं प्लॅस्टर असेपर्यंत सुट्टीच्या दिवशी त्यांचं गवत मी त्यांच्याच सायकलवरून आणलं. सुनेनं नको नको म्हटलं, गावात लोक हसले. पहिल्या दिवशी दोनदा पडलो. तिसऱ्या दिवशी मागून ऊस लावणीचं बियाणं भरलेला ट्रक आला आणि त्यानं तोच हॉर्न मारला, लांबवून. सांगतो, पोटात जे होतं ते मेंदूला विचारून होत नाही. हात आपोआप डावीकडं वळतात. मी पडलो नाही कारण तिथं कडेला कुणाच्या तरी खळ्याची सपाट जागा होती. ट्रकवाल्यानं जाताना हात केला, रागानं नव्हे, ओळखीनं. त्याला वाटलं त्यानं मला सावध करून उपकार केलाय. मलाही तसंच वाटायचं.

आता ऊसाचा हंगाम सुरू होईल. नोव्हेंबरपासून पुढं चार-पाच महिने रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस, टेपवर गाणी इतकी मोठ्यानं की मागचा हॉर्न ब्रह्मदेवाला ऐकू येणार नाही. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं बुजलेला. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे अप्परवर. त्या दोघांच्या मधे जो सायकलवाला असतो त्याला पुढचं काही दिसत नाही आणि तो कुणाला दिसत नाही. डिपर मारायला बोटानं एक कांडी ओढायची असते, बस. पण समोर मोटार असेल तर डिपर, सायकल असेल तर कशाला, असा आपला हिशेब. सायकलवाल्याला काय डोळे नसतात?

"रस्ते रुंद करा" असं लिहिणारे आता येतील. करा की, जिथं गरज आहे तिथं करा. पण प्रत्येक गावरस्ता रुंद करायला जमीन कुणाची जाणार? हलगा-मच्छे बायपासच्या वेळी पिकाऊ जमीन वाचवायला शेतकरी कसे उभे राहिले ते आपण पाहिलंय, त्यांच्या बाजूनं पोस्टीही टाकल्यात. इथं बासमतीची, रताळ्याची जमीन गुंठ्या-गुंठ्यानं वाचवायची आणि तिथं गाडी सुसाट जावी म्हणून रुंदी मागायची, हे एका तोंडानं जमत नाही. शिवाय रस्ता रुंद झाला की वेग वाढतो, हे आमच्याच मोठ्या रस्त्यावर दिसलंय. मला रुंदी नको. मला ती पाच इंचांची पायरी भरून पाहिजे, वळणावरचं गवत-झुडूप पावसाळ्यात दोनदा कापून पाहिजे, आणि गाडीवाल्यांना दम पाहिजे. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागतात, तेही फार नाही. तिसरीला काहीच लागत नाही आणि तीच सगळ्यात अवघड दिसते.

अजून एक बोलतो आणि हे बऱ्याचजणांना रुचणार नाही. १ नोव्हेंबर जवळ आलाय. काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी कॉलेजपासून जातो. आप्पाही जायचे, दूध घालून झाल्यावर, रिकामे कॅन तसेच लटकवून. दंडाला काळी फीत आणि हजारो सायकली रस्ताभर. त्या दिवशी सायकल म्हणजे आमचा स्वाभिमान असतो. त्यावेळी मागून कुणी हॉर्न मारून बघावा! पण २ नोव्हेंबरला आम्हीच गाडीत बसून त्याच सायकलवाल्याला चरीत उतरवतो, तोही बहुतेक आमच्याच भाषेत बोलणारा, आमच्याच गावचा असतो. ह्याचं उत्तर मला माझ्यापाशी सापडलं नाही. तुमच्यापाशी असेल तर खाली लिहा. फक्त "भावनांशी खेळू नका" असलं लिहू नका, भावना माझ्याही त्याच आहेत.

आणि कुणाला धक्का लागलाच, तर थांबा. कायद्यानं थांबणं, दवाखान्यात नेणं बंधनकारक आहेच. वाटेनं जाणाऱ्या तिसऱ्या माणसानं मदत केली तर त्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत संरक्षणही दिलंय. "कशाला लफड्यात पडा" ही सबब आता चालत नाही. माझ्या बाबतीत मुलगी ओरडली. तुमच्या गाडीत प्रत्येक वेळी मुलगी असेलच असं नाही.

तात्यांचं प्लॅस्टर गेल्या आठवड्यात निघालं. मी म्हटलं, तात्या, सायकल आता राहू दे, गवताची सोय मी करतो. एवढा राग मी त्यांना आलेला कधी बघितला नव्हता. "तू मला घरात बसीव आता," म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. मी परत तेच करत होतो, रस्त्यावरून त्यांना हटवत होतो, फक्त गोड बोलून. मग बाजारातून मागं लावायचा लुकलुकणारा लाल दिवा आणि मडगार्डला रिफ्लेक्टर आणला. दिवा त्यांनी लावून घेतला खरा, पण तक्रार आहे की गोठ्यात सायकल लावली की म्हस बुजती. बंद करायचं बटण दाखवलंय.

पंचायतीला अर्ज दिलाय. दोन ट्रॉली मुरूम द्यायचं कबूल झालंय, पसरायला माणसं आपली. शाळेपासून फाट्याकडं पहिले तीनशे मीटर घ्यायचे ठरवलेत, त्यात तात्या पडले ती जागा येते. येत्या रविवारी सकाळी सातला शाळेपाशी. गणपती मंडळाची पोरं येतायत, आमच्या ग्रुपवरचे ते दोन चुलतभाऊही येतो म्हणालेत, बघू. ज्यांना जमेल त्यांनी या. खोरं आणि बुट्टी आपापली आणा, चहा-पोहे आमच्याकडं. आणि गाड्या फाट्यावरच लावून चालत या, तिथून पुढं दहा मिनिटं लागतात.